घोरणे आणि घोर

मराठी घरात घोरणे हा आजार मानला जात नाही. तो विनोदाचा विषय असतो. लग्नकार्याला पाहुणे जमले की रात्रीची अंथरुणे कोणाची कुठे घालायची हे पुष्कळदा 'कोण घोरतो' या एकाच निकषावर ठरते. यात्रेहून परतलेला माणूस देवदर्शनाचे वर्णन दोन वाक्यांत आटोपतो. आगगाडीतल्या समोरच्या बाकावरील गृहस्थांच्या घोरण्याचे वर्णन मात्र तो साभिनय, आरोह-अवरोहांसह करतो. आपल्या परंपरेलाही या विषयाचे वावडे नाही. कुंभकर्णाला जागे करण्यासाठी राक्षसांनी केलेला आटापिटा रामायणात आला आहे, आणि लहान मुलांना त्या महाकाव्यातला हाच प्रसंग सर्वांत आधी पाठ होतो. दासबोधाच्या अठराव्या दशकात समर्थांनी 'निद्रानिरूपण' नावाचा स्वतंत्र समास घातला आहे. निरूपणाला बसून पेंगणाऱ्या श्रोत्यांचा समर्थांना पुरेपूर अनुभव असावा, असे तो वाचताना वाटत राहते.

बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना या विनोदाचे निरनिराळ्या भाषांतले अवतार परिचित आहेत. शेजारच्या बेन 'नसकोरां बोलावे छे' असे म्हणतात. घोरणारा जणू झोपेतून कोणाला तरी हाका मारीत असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आप्तांकडे गेले की तिथे खर्राटे 'भरले' जातात. कन्नडात गोरके आहे, तेलुगूत गुरक आहे. हे सारे शब्द कानाला एकाच गोतावळ्यातले वाटतात, कारण ते आवाजाचेच शब्द आहेत. मराठीत मात्र घोरण्याला लागूनच 'घोर' हा दुसरा शब्द उभा आहे. जिवाला घोर लागणे म्हणजे काळजीने जीव पोखरणे. या दोन शब्दांचे नाते व्युत्पत्तीने सिद्ध होते की नाही हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. माझ्यापुरते ते अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

आमच्या घरातही हा विनोद तीस वर्षांहून अधिक काळ सुखाने नांदला. माझे सासरे, ज्यांना आम्ही सुना मामंजी म्हणत असू, ते घोरत. त्यांचे चिरंजीवही घोरत. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "दमून आलेला पुरुष घोरायचाच. घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय, असं समजावं." त्या समजुतीत एक प्रकारची माया होती. कामावरून थकून आलेल्या माणसाची झोप मोडू नये, ही त्या पिढीतल्या बायकांची रीत होती. स्वतःची झोप मोडते आहे याचा हिशेब त्या ठेवीत नसत.

मी जागी असे आणि ऐकत असे. एखाद्या वाद्याची रोज साथ करणाऱ्याला त्याच्या चाली कळू लागतात, तसे ह्यांच्या घोरण्याचे मला झाले. सुरुवात साधी, एका लयीत होई. मग लय द्रुत होई, आवाज चढत जाई आणि एकाएकी सारे थांबे. खोलीत फक्त पंख्याचा आवाज राही. पहिल्या काही वर्षांत ही शांतता म्हणजे सुटका वाटे. पुढे तिची लांबी वाढत गेली. मी मनात आकडे मोजू लागले. पंधरा, वीस, कधी तीस. छाती हलताना दिसे, पोट आत-बाहेर होई, पण नाकातोंडातून वारा नाही. मग एखादा बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा मोठा आचका देऊन श्वास परत येई, हे कूस बदलीत, आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सकाळी विचारावे तर ह्यांना त्यातले काहीही आठवत नसे. उलट "मला तर छान झोप लागली" असे सांगून हे नऊच्या सुमारास वर्तमानपत्र हातात घेऊन खुर्चीतच पेंगू लागत.

या पेंगण्याला आणि इतर बारीकसारीक तक्रारींना घरात निरनिराळी कारणे मिळालेली होती. सकाळचे डोके दुखणे पित्तावर गेले. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणे वयावर गेले. तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब खाली येत नव्हता, तो मिठावर आणि माझ्या लोणच्यांवर गेला. चिडचिड आणि विसराळूपणा निवृत्तीवर गेला. प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र वैद्य होता, स्वतंत्र गोळी होती. रात्रीची ती शांतता मात्र कोणाच्याच कागदावर नव्हती, कारण ती ऐकणारा साक्षीदार तपासणीच्या खोलीबाहेर बसलेला असे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या बडोद्यात भरले, तेव्हा बेळगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते संकोचाने म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. गोरके आमच्याकडंही आहे. पण साहेबांचा श्वास मध्ये थांबतोय. आमच्या थोरल्या बंधूंचं असंच होतं. तुम्ही छातीच्या डॉक्टरला दाखवा." ह्यांनी ते हसण्यावारी नेले. पुढे तीन-चार महिन्यांनी अहमदाबादहून परतताना द्रुतगती मार्गावर, भर दुपारी, आमची गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गेली. चाकांच्या खडखडाटाने हे जागे झाले. होय, जागे झाले. डोळे उघडे होते की मिटलेले, हे त्यांना स्वतःलाच सांगता आले नाही. त्या दिवशी गाडीत मागे आमची नात होती. घरी आल्यावर हे आपणहून म्हणाले, "अगं, त्या गुरुजींनी काय नाव सांगितलं होतं?"

त्या व्याधीचे नाव स्लीप अॅप्निया. ग्रीक भाषेतील 'अ' म्हणजे नसणे आणि 'प्निया' म्हणजे श्वास; आपल्याकडे निद्रा-श्वासरोध म्हणता येईल. तिचे जे रूप सर्वांत अधिक आढळते ते अडथळ्याचे आहे. नाकापासून श्वासनलिकेपर्यंतच्या वाटेचा बराच भाग हाडाच्या किंवा कूर्चेच्या आधाराने ताठ राहतो. मधल्या घशाला मात्र तसा आधार नाही. त्याच्या भिंती स्नायूंच्या आणि मऊ मांसाच्या आहेत. वर मऊ टाळू आणि पडजीभ, पुढे जिभेचे मूळ. जागेपणी तिथले स्नायू ही वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट थोडी अरुंद झाली की हवेच्या झोताने मऊ टाळू थरथरतो, ते घोरणे. वाट पुरती मिटली की आवाजही मिटतो. ती मी मोजत असलेली शांतता. छाती आणि श्वासपटल आतून ओढ घेतच असतात, पण हवा आत येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि शेवटी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. माणूस क्षणभर जागा होतो, स्नायू ताठरतात, आचका देऊन श्वास सुरू होतो. हे जागे होणे इतके अल्प असते की त्याची स्मृती राहत नाही; शरीराला मात्र ते विसरता येत नाही. दर खेपेला हृदयाला चाबूक बसतो, रक्तदाब उसळतो. रात्रीतून शेकडो वेळा असे झाले तर दिवसाचा रक्तदाब गोळ्यांना का जुमानत नाही, याचे आश्चर्य उरत नाही. रात्रीच्या लघवीचेही मूळ पुष्कळदा इथेच असते. छातीत वारंवार पडणाऱ्या या ओढीने हृदयावर ताण येतो आणि मूत्र वाढवणारे संप्रेरक स्रवते.

मला या सगळ्यात एका गोष्टीने विशेष अंतर्मुख केले. माणसाचे स्वरयंत्र इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने घशात खाली उतरलेले आहे, आणि जिभेच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी हे हाड दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांधलेले नाही. स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने ते अधांतरी राहते. घशाच्या या मोकळ्या, लवचीक, हव्या त्या आकारात वळणाऱ्या पोकळीमुळेच आपल्याला इतके स्वर आणि इतकी व्यंजने उच्चारता येतात. बोलता येण्याची किंमत म्हणूनच माणसाच्या वाट्याला हा मिटणारा घसा आला असावा, असे काही संशोधक मानतात. साहित्याच्या मंडळींनी क्षणभर थांबावे अशी ही गोष्ट आहे. ब्रह्मदेवाकडे वर मागताना सरस्वती कुंभकर्णाच्या जिभेवर बसली आणि त्याच्या तोंडून निद्रा मागितली गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाणी आणि निद्रा या दोघींचा एकाच जिभेवरचा हा मुक्काम कथाकारांच्या मनात कोठून आला असेल, कोण जाणे.

या आजाराचे वर्णन वैद्यकाच्या आधी साहित्याने केले, हेही आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगितले पाहिजे. १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत चार्ल्स डिकन्सने ज्यो नावाचा एक लठ्ठ नोकर-पोरगा रंगवला आहे. तो खातो, उभ्या उभ्या झोपी जातो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षांहून अधिक काळ त्याला हसले. १९५६ मध्ये अमेरिकेतील बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यावसायिकाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असा हमखास जिंकणारा डाव आला असता हा गृहस्थ झोपी गेला; त्यानंतर तो रुग्णालयात दाखल झाला. बर्वेल यांनी या विकाराला डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिकविकियन' असे नाव दिले. तरीही कोडे सुटले नव्हते. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कुलो, यांनी अशा रुग्णांचा श्वास रात्रभर यंत्रांनी नोंदवला, तेव्हा तो पुन्हा पुन्हा थांबतो हे स्पष्ट झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे क्रिस्तियां गियेमिनो यांनी १९७६ मध्ये या व्याधीला आजचे नाव रूढ केले आणि ती स्थूल नसलेल्यांनाही होते हे ठासून सांगितले.

नाव मिळाले, तरी उपाय भयंकर होता. गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, दिवसा ती बुचाने बंद करायची आणि रात्री उघडायची. मिटणारा घसा वगळून टाकण्याचा तो राकट, पण परिणामकारक मार्ग होता. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांकडे १९८० मध्ये असाच एक रुग्ण आला. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हन यांनी एका पंख्याच्या यंत्राने नाकातून सौम्य दाबाची हवा सतत सोडली. घसा मिटेना. तो माणूस सलग, निवांत झोपला. १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली यंत्रे धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालत आणि प्रत्येक रुग्णाचा मुखवटा त्याच्या नाकाच्या साच्यावरून घडवून चिकटद्रव्याने चेहऱ्यावर बसवावा लागे. आजचे 'सीपॅप' यंत्र हे त्याचेच वंशज आहे. त्यात औषध नाही, वेगळा प्राणवायू नाही. खोलीतलीच हवा आहे. तिचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. दहा सेंटिमीटर उंचीच्या पेल्यात पाणी भरले तर तळावर जेवढा दाब पडेल, साधारण तेवढ्या दाबाने एका माणसाचा घसा रात्रभर उघडा राहतो, ही कल्पना मला आजही नवलाची वाटते.

ह्यांची तपासणी एका खाजगी रुग्णालयात झाली. आधी प्रश्न होते, अगदी साधे. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा असतो का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? वजन उंचीच्या मानाने फार आहे का? वय पन्नासच्या पुढे आहे का? गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरहून अधिक आहे का? पुरुष आहात का? टोरोंटोतील फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये तयार केलेली ही आठ प्रश्नांची यादी आता जगभर वापरतात. पाच किंवा अधिक उत्तरे 'होय' आली तर धोका मोठा समजतात. ह्यांची सात आली. तिसरा प्रश्न विचारताना डॉक्टरांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. चौतीस वर्षे मी जे मोजत होते, ते त्यांनी लिहून घेतले.

मग एक रात्र तारांची. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला, पायांना संवेदक चिकटवले. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, नाकाखाली हवेची नळी. हे म्हणाले, "आता या तारांत मी झोपणार कसा?" आणि दहा मिनिटांत घोरू लागले. ज्यांना रुग्णालयात राहणे जमत नाही त्यांच्यासाठी घरी करण्याची छोटी तपासणीही आता मिळते. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर ती एक नोंद. अशा नोंदी तासाला पाचच्या आत असल्या तर चिंता नाही; पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. ह्यांचा आकडा सेहेचाळीस होता. प्राणवायू एकदा एकाहत्तर टक्क्यांवर उतरला होता. कागद वाचून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. तासाला सेहेचाळीस म्हणजे साधारण दर सव्वा मिनिटाला एकदा, एवढा हिशेब त्यांनी केला असावा. ते आयुष्यभर अभियंता होते.

मुखवटा घरी आला त्या रात्रीचे वर्णन करण्याजोगे आहे. नातीने आजोबांना पाहून हात जोडले आणि "गणपती बाप्पा" म्हटले. नाकावरच्या त्या लवचीक नळीमुळे उपमा सोडवत नव्हती. पण हसणे संपल्यावर खरी अडचण सुरू झाली. नाक कोरडे पडे, पट्ट्या रुतत, हवा डोळ्यांत शिरे. दोन रात्री मुखवटा मध्यरात्रीच जमिनीवर गेला. या उपचाराचे खरे वैगुण्य हेच आहे; तो उत्तम आहे, पण तो वापरला तरच उत्तम आहे. पुष्कळ यंत्रे महिन्याभरात कपाटाच्या माथ्यावर जातात. आम्हांला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या होत्या. मापाचा दुसरा मुखवटा घेतला. हवेला ओलावा देणाऱ्या भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी घालू लागलो. यंत्राचा दाब सुरुवातीला कमी राहून हळूहळू चढेल अशी सोय करून घेतली. आणि दिवसा, वर्तमानपत्र वाचताना, हे अर्धा तास मुखवटा लावून बसू लागले, म्हणजे नाकाला त्याची ओळख झाली. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री ते सहा तास उठले नाहीत. मी उठले, त्यांचा श्वास चालतो आहे ना, हे पाहायला.

यंत्र हा एकच मार्ग नव्हे, आणि प्रत्येकाला तोच लागतो असेही नाही. सौम्य किंवा मध्यम व्याधीत दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेली दातांची पट्टी चालते. ती खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरते आणि त्याबरोबर जीभही पुढे येते. सुरुवातीला जबडा दुखतो, दातांवर लक्ष ठेवावे लागते, पण प्रवासाला ती खिशात मावते. काहींचा श्वास केवळ उताणे झोपल्यावरच थांबतो, कारण गुरुत्वाकर्षण जिभेला मागे ओढते. अशांसाठी सदऱ्याच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून घेण्याची जुनी युक्ती आहे. आता त्यासाठी पट्टेही मिळतात. आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी सांगितली आहे, ती डाव्या कुशीची. ती या आजारासाठी सांगितलेली नसली तरी कुशीवर झोपण्याची सवय या रुग्णांना हिताचीच आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. 'झोप नीट लागत नाही' म्हणून स्वतःच्या मनाने गोळी घेणारे आपल्या परिचयात थोडे नाहीत; त्यांनी ही गोष्ट नीट ऐकावी. वजनाचे गणितही ठरलेले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ पाहणीत, वजन दहा टक्क्यांनी घटले तर श्वास थांबण्याचे प्रमाण सुमारे सव्वीस टक्क्यांनी घटते, असे २००० मध्ये दिसून आले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला, स्थूल व्यक्तींतील मध्यम आणि तीव्र श्वासरोधासाठी मान्यता दिली. या व्याधीसाठी मान्य झालेले ते पहिले औषध. पण आपल्या लोकांनी केवळ पोटाकडे पाहून निश्चिंत राहू नये. अरुंद जबडा आणि आखूड मान असलेला सडपातळ माणूसही रात्री असाच गुदमरू शकतो.

घशाच्या स्नायूंना तालीम देण्याचीही एक कथा आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे लांब लाकडी सुषिरवाद्य चार महिने वाजवल्याने मध्यम श्वासरोधाच्या रुग्णांना गुण आला, असा स्वित्झर्लंडमधील छोटा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तसाच प्रयोग शंखाने केला. तीस रुग्णांपैकी काहींनी सहा महिने, आठवड्यातून निदान पाच दिवस, रोज पंधरा मिनिटे शंख फुंकला, आणि नुसत्या दीर्घश्वसनाच्या मानाने त्यांची दिवसाची पेंग व रात्रीचे श्वास थांबणे कमी झाले. ही संख्या लहान आहे. तेवढ्यावर यंत्र गुंडाळून ठेवणे धोक्याचे ठरेल. आमच्या देवघरात मामंजींचा शंख आहे. हे आता सकाळी तो फुंकतात आणि रात्री मुखवटाही लावतात. दोन्हींत विरोध नाही.

उपचारांविषयी लिहिताना पारडे समतोल ठेवले पाहिजे. यंत्राने दिवसाची झोप जाते, रक्तदाब थोडा उतरतो, गाडी चालवणे सुरक्षित होते, हे निश्चित. त्याने हृदयविकाराचा झटका टळतोच, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. हृदयविकार असलेल्या सत्तावीसशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झटक्यांचे प्रमाण घटले नाही; पण त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते. अर्धी रात्र श्वास घेऊन पुरेल का, हा प्रश्न त्यातून उरतोच. ह्यांच्यापुरते म्हणाल तर रक्तदाबाच्या तीन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली, सकाळचे डोके दुखणे गेले, आणि पंधरा वर्षे अर्धवट राहिलेले एक जाडजूड पुस्तक त्यांनी गेल्या चातुर्मासात वाचून पुरे केले. पूर्वी दोन पानांवर झोप येई.

या साऱ्यानंतर एक जुनी गोष्ट मला निराळी ऐकू येऊ लागली. मामंजी १९८९ मध्ये गेले. वय एकोणसाठ. रात्री नेहमीप्रमाणे जेवले, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला, "पुण्यवान माणूस. झोपेत गेले, ना कोणाची सेवा, ना वेदना." सासूबाईंनाही त्या वाक्याचा मोठा आधार वाटला आणि तो त्यांना अखेरपर्यंत पुरला. मामंजी कशाने गेले हे आता कोणालाही सांगता येणार नाही. सांगण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. पण झोपेतल्या मरणाला पुण्याचे लेणे चढवून आपण एक प्रश्न किती घरांत मिटवून टाकला असेल, हा विचार मनातून जात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या आजाराचे नाव पुष्कळांनी प्रथमच वाचले. २०२३ मध्ये भारतातील पाहण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे अकरा टक्के लोकांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांना, हा विकार असावा. त्यांतल्या बहुतेकांची तपासणी कधी झालेली नाही.

त्या पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. मला या आकड्याबद्दल थोडे म्हणायचे आहे. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतही हा विकार वाढतो; मात्र त्यांच्या तक्रारी निराळ्या असतात. झोप न लागणे, सकाळचा थकवा, उदासपणा, डोकेदुखी. त्यांना शक्तीच्या गोळ्या आणि 'फार विचार करू नका' असा सल्ला मिळतो. शिवाय पुरुषाचे घोरणे हा विनोद असला तरी बाईचे घोरणे ही लाज असते. नवऱ्याच्या श्वासाचे आकडे मोजणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ. बायकोचे आकडे मोजत जागा राहणारा नवरा मला अजून भेटायचा आहे, असे मी एकदा मंडळाच्या बैठकीत बोलले. त्यानंतर आठवड्याने मंडळाच्याच एका जुन्या सभासद बाईंचा फोन आला. वय अडुसष्ट, घरी एकट्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी घोरते असं मुलगी सांगत असे. ती सासरी गेल्यावर सांगणारं कोणी राहिलं नाही. रात्री दचकून उठते, तोंड कोरडं, छातीत धडधड. भीतीच वाटत असेल असं समजत होते." मी त्यांना रात्री उशाशी मोबाइल ठेवून आवाज मुद्रित करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तो ऐकला. घोरणे फार मोठे नव्हते. मग ते थांबले. आम्ही दोघी घड्याळाकडे पाहत बसलो. बावीस सेकंदांनी त्यांचा श्वास परत आला. पुढच्या मंगळवारी त्यांची तपासणी आहे. सोबत मी जाणार आहे.